मराठवाड्यातून एका दिवसात अलिबाग: बोटीने, पायी आणि तिथी बघून

समुद्र बघायला निघायचं म्हटलं की आपल्याकडची माणसं आधी रेल्वेच्या तिकिटाच्या मागे लागतात. माझं सांगणं आहे, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी गेटवेवरून बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग, ओहोटीत पायी पायी कुलाबा किल्ला, संध्याकाळच्या बोटीने परत आणि रात्रीच्या गाडीने घर. हा बेत एका दिवसात नीट जमतो. स्वतःची गाडी लागत नाही, मुक्कामाचा खर्च नाही. फक्त रेल्वे, बोट आणि समुद्र या तिघांच्या वेळांचा मेळ बसावा लागतो. पहिल्या दोघांच्या वेळा माणसांनी ठरवलेल्या आहेत. तिसऱ्याची कुणाच्या हातात नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

मी परभणीची. आमच्या वसाहतीतल्या बायका असोत की माहेरची मंडळी, सहलीची आखणी माझ्याकडे येते आणि मला ती मनापासून आवडते. गोदाकाठच्या माणसाला पाणी नवं नाही. पण नदी एका दिशेने जाते. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, ही गोष्ट आपल्या हिशेबात बसायला वेळ लागतो. किनाऱ्यावर पोचलं आणि किल्ला पाण्यात उभा, असं झालं की लांबून बघून परतावं लागतं. ते टाळता येतं.

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे द्वादशीला सकाळी नऊला भरती आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा हा हिशेब दिवस निवडण्यापुरता धरायचा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची. मुंबईचा तक्ता मोबाईलवर सहज मिळतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. अष्टमी ते दशमी या दिवसांत ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते, म्हणजे आपल्या सोयीची. पण हे भांगाचे दिवस. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतं. भांगाला ते धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही. त्यामुळे वेळ सोयीची असली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी उरू शकतं. एकादशीपासून पाणी जास्त मागे सरकायला लागतं आणि ओहोटीची वेळही दिवसाउजेडी राहते. म्हणून एका दिवसाच्या प्रवाशाला एकादशी आणि द्वादशी या दोन तिथी सगळ्यांत चांगल्या. त्रयोदशीला ओहोटी चारच्या घरात जाते आणि परतीची धावपळ होते. आमच्याकडे एकादशीला घरात निम्म्या लोकांचा उपवास, आणि अलिबागला जाऊन मासळीच्या ताटाकडे नुसतं बघत बसणं बरोबर नाही. म्हणून मी द्वादशी धरते.

तिथी ठरली की वार बघायचा. शनिवार-रविवारी अर्धी मुंबई मांडव्याकडे निघालेली असते, मग रांगा लागतात आणि परतीच्या बोटीत जागा मिळण्याची शाश्वती राहत नाही. मधला वार घ्या. सणावारांची सुट्टी, नाताळचा आठवडा नको. ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या आसपास गेटवेवर कार्यक्रम असतात, तेव्हा बोटींच्या वेळा आधी विचारून घ्या. महिन्यांचं म्हणाल तर पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. दसरा होऊन सोयाबीन घरात आलं की पुढे फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. हवा बरी, समुद्र शांत, आणि शेतकरी घरातल्या माणसालाही चार दिवस मोकळे मिळतात. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरं, पण दुपारी दोन वाजता उघड्या वाळूवर चालायचं आहे हे लक्षात ठेवा.

आता रेल्वे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते कमी झाले. म्हणजे दोन महिने आधीच द्वादशी शोधून ठेवायची आणि जातानाचं व येतानाचं तिकीट काढताना तारखेचा घोळ होऊ द्यायचा नाही. रात्री बसलो की उतरायची तारीख दुसरी असते. नांदेड, परभणी, सेलू, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्याला देवगिरी एक्स्प्रेस सगळ्यांत सोयीची. ती सकाळी मुंबईला सोडते आणि रात्री साडेनऊच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून परत निघते. दिवस पूर्ण हाती येतो. लातूर-धाराशिवकडच्यांना लातूर-मुंबई एक्स्प्रेस आहे. तीही सकाळी पोचवते आणि रात्री नऊच्या आसपास निघते. निघायची नेमकी वेळ तिकिटावर बघा, कारण परतीचा सगळा हिशेब तिच्यावरून मागे मोजायचा आहे.

तो असा मोजायचा. गाडी साडेनऊची, तर स्टेशनवर साडेआठला हजर. मध्ये जेवण आणि सामान सोडवून घेणं, म्हणजे गेटवेवर साताच्या आत उतरलेलं बरं. बोटीला तासभर लागतो, म्हणजे मांडव्याहून साडेपाच ते सहाच्या दरम्यानची बोट. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, बसला पाऊण तास, म्हणजे अलिबाग पावणेपाचच्या आत सोडायचं. आणि यात एक फेरी हातची राखायची. शेवटच्या बोटीवर कधीही विसंबू नये. वारा वाढला की फेऱ्या थांबवतात, आणि शेवटच्या बोटीनंतर दुसरी नसते.

सकाळी मुंबईला उतरल्यावर पहिलं काम सामान. स्टेशनवर क्लोकरूम आहे. तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात, तेव्हा छोटं कुलूप घरूनच न्या. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. बोटीवर पायी प्रवासी म्हणून जायचं तर अंगावर एक पाठीवरची पिशवी, एवढंच असावं. दोन्ही हात मोकळे हवेत. का, ते बोटीत चढताना कळतं. अंघोळ, चहा वगैरे प्रतीक्षालयात उरका. गेटवे तिथून अडीचेक किलोमीटर. टॅक्सी आहे, बेस्टची बस आहे. पण सकाळच्या वेळी हुतात्मा चौक, काळा घोडा या वाटेने चालत गेलात तर मुंबईचा सगळ्यांत देखणा तुकडा फुकट बघायला मिळतो.

गेटवेच्या आवारात शिरताना पिशव्या तपासतात, त्याला दहा मिनिटं धरा. मांडव्याच्या लाँच चालवणाऱ्या दोन-तीन कंपन्या आहेत, पीएनपी, मालदार, अजंठा अशी नावं तिकीटखिडकीवर दिसतील. त्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते, तरी खिडकीवर एकदा विचारून घ्या. तिकीट फेकू नका, बसमध्ये तेच दाखवायचं असतं. खिडकीवरच परतीच्या वेळा विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आजूबाजूला 'चला, बोट सुटली' म्हणून ओढणारे असतात. ते बहुतेक बंदरात फेरी मारून आणणाऱ्या किंवा घारापुरीला जाणाऱ्या बोटींचे असतात. चढण्याआधी 'मांडवा?' एवढं खलाशाला विचारायचं.

चढणं हा भाग नीट समजून घ्या, विशेषतः बरोबर वडीलधारी माणसं असतील तर. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात आणि पाणी उतरलेलं असेल तर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. कधी दोन-तीन बोटी एकीला एक लावून उभ्या असतात, मग पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं जावं लागतं. बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. ती खाली असताना पाय टाकला तर अंदाज चुकतो. दोन लाटा नुसत्या बघा. बोट वर यायला लागली की पाय टाकायचा आणि लगेच दुसरा. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत, असं क्षणभरही थांबायचं नाही. खलाशी हात पुढे करतो. त्याचा पंजा धरू नका, मनगट धरा, म्हणजे तोही तुमचं मनगट धरतो आणि पकड सुटत नाही. साडी असेल तर निऱ्या वर खोचून घ्या, लाजायचं काही कारण नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा तिथे उभ्या राहिल्या तेव्हा म्हणाल्या, "पाणी म्हणलं की मला गोदामाईच म्हाईत, एवढं मोठं कुठं बघितलंय?" पण मनगट धरलं आणि चढल्या. भीती वाटणाऱ्या माणसाला घाई करायची नाही, एवढं सांभाळलं की पुरतं.

गुडघे फारच दुखत असतील तर गेटवे सोडा आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्या. ही मोठी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती गाड्या नेण्यासाठी आहे, पण पायी प्रवाशालाही घेते. चढायला पायऱ्या-उड्या नाहीत, हलतेही कमी, आणि पावसाळ्यातही हवा ठीक असेल तर चालते. टर्मिनसवरून हार्बरच्या लोकलने डॉकयार्ड रोड, तिथून टॅक्सी. फेऱ्या मात्र मोजक्या, म्हणून तिकीट ऑनलाइन आधी काढा, आणि मांडव्याहून अलिबागला जायची सोय आपली आपण बघा.

लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची एक वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाच्या वर माणसं गेली. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. कुणी सांगो न सांगो, चढल्याबरोबर जॅकेट घ्या, पट्टे आवळून बांधा. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट वरून निसटतं, त्याच्या मापाचं मागा. बोट भरून वाहते आहे असं दिसलं तर पुढच्या फेरीला जा. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही, म्हणून तर आपण वेळ राखून ठेवली आहे.

मळमळ होणाऱ्याने खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध बसावं आणि लांब क्षितिजाकडे बघावं. मोबाईलकडे बघितलं की हमखास उलटी. पोट रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. नेहमीची गोळी घेत असाल तर निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या, बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर वारा धरतो आणि परतीला हेलकावे जास्त बसतात, तेव्हा येतानाची गोळी विसरू नका. बाकीच्यांनी वर उघड्यावर बसावं. मागे ताज आणि गेटवे लहान होत जातात, बाजूला नौदलाच्या राखाडी युद्धनौका दिसतात, आणि थंडीत पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा बोटीबरोबर उडत येतो. लोक त्यांना गाठी-शेव टाकतात. तुम्ही टाकू नका. तळलेलं-खारट ते पाखराचं अन्न नाही, आणि तसेही ते अगदी हाताच्या अंतरावर येऊन दर्शन देतात.

मांडव्याला उतरलं की रेंगाळायचं नाही. बोटीतल्या लोकांसाठीच बस उभी असते आणि ती भरली की निघते. अलिबागला जिथे उतरवतात तिथेच परतीच्या बसची वेळ विचारून घ्या. आठची-नवाची बोट धरली असेल तर अकराच्या आत तुम्ही अलिबागात असता. ओहोटीला अजून वेळ असतो. गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, ती आधी बघा. १७२९ साली ते गेले, पण त्यांच्या हयातीत या किनाऱ्यावरून परवान्याशिवाय जहाज न्यायची इंग्रज-पोर्तुगीजांची हिंमत नव्हती. आपण देवगिरीसारखा डोंगरी किल्ला बघत वाढलेली माणसं. पाण्यावरचं राज्य कसं असतं ते इथे कळतं. मग जेवण. मासळी खाणाऱ्याने ताट आणि सोलकढी. न खाणाऱ्यांसाठी शाकाहारी खानावळी आहेत, शिवाय आम्ही घरून दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतोच.

कुलाबा किल्ला समोर दिसत असतो. पूर्ण ओहोटीच्या सव्वा-दीड तास आधी वाळूत उतरायचं. वाट अशी आखलेली नाही, माणसं जातात त्या मागे जायचं. सुरुवातीची वाळू ओली पण घट्ट आहे, पाय रुतत नाही. तिच्यावर लाटांनी कोरलेल्या बारीक बारीक सऱ्या असतात, पेरणीसाठी काकऱ्या पाडलेल्या रानासारख्या. पुढे खडक लागतात. त्यांच्यावर हिरवं शेवाळ आणि धारदार शिंपल्यांची पुटं, अनवाणी गेलात तर तळवे कापतात. अंगठ्याच्या चपला चिखलात निघून जातात. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, भिजल्या तरी चालतील अशा. चालवत नसेल तर घोडागाडी आहे, भाव आधी ठरवा आणि 'परत न्यायचं धरून' असं स्पष्ट बोला.

किल्ल्यात तास-सव्वा तास पुरतो. तट नीट बघा. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, म्हणून तट टिकला. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं पंचायतन आहे, आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या माणसांना त्या विहिरीपुढून हलवत नाही, मी बघितलं आहे. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, त्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या.

इथे घड्याळ हातात धरायचं. तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की निघायची तयारी, आणि फार तर अर्ध्या-पाऊण तासाने किल्ल्याबाहेर. पाणी समोरून चढत येताना दिसेल अशी वाट बघू नका. मधला खोलगट भाग आधी भरतो, दरवाज्यापाशी कोरडं असतं आणि वाट मात्र बंद झालेली असते. घोडागाडीवाले परतायला लागले की ती शेवटची खूण समजा. त्यांच्याइतकी पाण्याची जाण कुणाला नाही.

रेल्वेला दोनेक तास उशीर झाला तर हा बेत सोडून द्या आणि गेटवेवरूनच घारापुरीला जा. तीही तासाभराची बोट, जाणाऱ्या फेऱ्या दुपारपर्यंत सुरू असतात. सोमवारी लेणी बंद. धक्क्यापासून छोटी रेल्वे, मग शंभराहून जास्त पायऱ्या. वेरूळची २९ नंबरची धुमार लेणी बघितलेली असेल तर आत शिरताच ओळख पटते, दोन्हींची मांडणी फार मिळतीजुळती आहे. मुलांना आधी वेरूळ आणि मग घारापुरी दाखवा, ती स्वतःच बोट दाखवून सांगतात काय सारखं आहे ते.

परतताना वेळ असेल आणि उन्हाळ्याकडचे दिवस असतील तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. गोडसर असतो, कच्चा खायला फार छान. पण त्याआधी मांडव्याच्या बोटी चालू आहेत का ते बस सुटते तिथे विचारा, आणि ते चारच्या आत विचारा. वाऱ्याने फेऱ्या थांबल्या असतील तर मांडव्याला जाऊन वाट बघत बसू नका. अलिबागच्या एसटी स्टँडवरून पनवेलची बस पकडा, पनवेलहून टर्मिनसपर्यंत हार्बरची लोकल जाते. सगळे मिळून चार तास धरा. साडेचारला अलिबाग सोडलं तर गाडी मिळते. पाचला सोडलं तर पळापळ आहे आणि क्लोकरूममधलं सामान सोडवायला वेळ उरत नाही, तेव्हा अशा दिवशी एकाने सरळ सामानाकडे जायचं आणि बाकीच्यांनी म्हाताऱ्या माणसांना, मुलांना घेऊन फलाट गाठायचा, हे लोकलमध्ये बसल्याबसल्याच ठरवून टाका.